भाडोत्री बंदुकीला माफी

पद सोडायला जेमतेम महिना उरला असताना अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 22 डिसेंबर 2020 रोजी ब्लॅकवॉटर कंपनीच्या चार सशस्त्र रक्षकांना माफी दिली. बगदादच्या निसूर चौकात निरपराध इराकींना गोळ्या घालून मारल्याबद्दल हे चौघे तुरुंगात होते. त्यांनी देशाची प्रदीर्घ सेवा केली आहे, असे माफीचे कारण व्हाइट हाऊसने दिले. माफीइतकेच हे कारणही संतापजनक आहे. चौघेही माजी सैनिक आहेत, हे खरे. पण 16 सप्टेंबर 2007 रोजी ते सैनिक नव्हते. त्या दिवशी ते एका खासगी कंपनीचे नोकर होते आणि कंपनीने ठरवलेल्या मोबदल्यावर बंदूक चालवत होते. सैनिकाचा मान त्यांना माफी देताना दिला गेला. सैनिकाची जबाबदारी मात्र 2007 मध्ये त्यांच्यावर नव्हती.

त्या दुपारी काय झाले, ते पुन्हा सांगायला हवे. ब्लॅकवॉटरच्या चार चिलखती गाड्या चौकात येऊन थांबल्या. समोर पांढऱ्या मोटारीत वैद्यकीय शिक्षण घेणारा एक तरुण होता, शेजारी त्याची डॉक्टर आई. पहिली गोळी त्या तरुणाला लागली. चालकच गेल्याने मोटार हळूहळू पुढे सरकत राहिली, आणि ती सरकते आहे म्हणून तिच्यावर आणखी गोळीबार झाला. आईही गेली. मग मशीनगन आणि ग्रेनेड लाँचर चालले. मागे वळून पळू पाहणाऱ्या गाड्यांवरही ते चालले. इराकी सरकारच्या मोजणीप्रमाणे 17 माणसे मेली. त्यांतल्या किमान 14 जणांना मारण्याचे काहीही कारण नव्हते, असे अमेरिकेच्याच एफबीआयने तपासाअंती म्हटले. मृतांत नऊ आणि अकरा वर्षांची दोन मुले होती. नऊ वर्षांचा मुलगा वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसला होता.

सैनिकही पगार घेतो, मग फरक काय, असे विचारणारे आहेत. पगारात फरक नाहीच. पानिपतावर इब्राहिमखान गारदीही पगारावरच लढला आणि शेवटपर्यंत हटला नाही. फरक जाबाचा आहे. सैनिकाने गोळी का झाडली, हे विचारणारा वरिष्ठ असतो, लष्करी न्यायालय असते, आणि त्या सगळ्यांच्या वर निवडून आलेले सरकार असते. माणूस मारण्याचा अधिकार समाज कुणाला देत असेल, तर तो या एकाच अटीवर. ब्लॅकवॉटर एकेका रक्षकामागे अमेरिकी सरकारला दिवसाला 1,222 डॉलर लावत होती, असे 2007 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने नोंदवले. सैनिकावरच्या खर्चाच्या सहापटीहून ही रक्कम अधिक होती. त्या पैशात जाब विचारणारा कुणीही नव्हता.

तो नसावा, अशीच तजवीज केली गेली होती. इराकची सत्ता इराकींच्या हाती देण्याच्या आदल्या दिवशी, 27 जून 2004 रोजी, अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सतराव्या क्रमांकाच्या आदेशावर सही करून परदेशी कंत्राटदारांना इराकी कायद्याबाहेर ठेवले. अमेरिकी कायदा लागू होता तो संरक्षण खात्याच्या कामावरील कंत्राटदारांना. ब्लॅकवॉटरचे कंत्राट परराष्ट्र खात्याचे, म्हणून तोही आम्हाला लागू नाही, असा बचाव आरोपींनी केला. खुनाचा खटला कुठल्या खात्याच्या कंत्राटावर अडावा?

तरीही खटला चालला. 2009 च्या अखेरीस न्यायाधीशांनी आरोप रद्द केले. पुढच्याच महिन्यात बगदादला जाऊन तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन यांनी अपिलाचे आश्वासन दिले आणि ते पाळले गेले. सुमारे तीस इराकी साक्षीदार वॉशिंग्टनला आले. मुले गमावलेले बाप आले. ज्या देशाने आपला देश उद्ध्वस्त केला, त्याच देशाच्या न्यायालयात ते शपथेवर बोलले, त्यांनी त्या न्यायालयावर विश्वास ठेवला. 2014 मध्ये चौघे दोषी ठरले. अपिले झाली, फेरसुनावणी झाली, आणि अखेर 2019 मध्ये निकोलस स्लॅटनला खुनाबद्दल जन्मठेप आणि इतर तिघांना बारा ते पंधरा वर्षे कैद झाली. बारा वर्षे खपून उभा केलेला हा न्याय ट्रम्प यांनी एका सहीने पुसला.

आणि ज्यांनी ही माणसे चौकात पाठवली, ते? नारायणराव पेशव्यांवर तलवार गारद्यांनी चालवली, पण न्यायाधीश रामशास्त्री गारद्यांपाशी थांबले नाहीत. हुकूम कुठून निघाला हे त्यांनी शोधले आणि राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले. निसूर चौकाच्या खटल्यात ते झालेच नाही. ब्लॅकवॉटरचे संस्थापक एरिक प्रिन्स यांच्यावर या प्रकरणी कधी आरोप ठेवला गेला नाही. कंपनीने आधी 'झी' आणि मग 'अकॅडेमी' असे नाव बदलून धंदा चालू ठेवला. कंत्राटी युद्धाची खरी सोय हीच आहे: हुकूम देणारा कागदावरून नाहीसा होतो आणि सरकारला हात झटकता येतात.

गणवेश असला की सगळे ठीक, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. 2019 मध्ये याच ट्रम्प यांनी युद्धगुन्ह्यांत अडकलेल्या दोन लष्करी अधिकाऱ्यांना माफी दिली. आपल्याकडे 2010 मध्ये काश्मीरमधल्या माछिलला तीन तरुणांना हमालीच्या कामाचे आमिष दाखवून सीमेवर नेले आणि दहशतवादी ठरवून मारले. बक्षीस आणि बढती यांसाठी हे घडल्याचा आरोप होता. कोर्ट मार्शलने पाच जणांना जन्मठेप दिली, पण 2017 मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. जुलै 2020 मध्ये शोपियाँजवळ अमशिपोऱ्यात तीन मजूर मारले गेले, आणि सैनिकांनी विशेषाधिकाराची मर्यादा ओलांडल्याचे प्रथमदर्शनी दिसते, हे लष्करानेच सप्टेंबरमध्ये मान्य केले. बक्षिसासाठी माणूस मारणारा गणवेशात असला तरी भाडोत्रीच. म्हणून अमशिपोऱ्यासारखे खटले वेळेत आणि उघडपणे चालवले पाहिजेत, आणि शिक्षा झालीच तर ती टिकली पाहिजे.

अध्यक्षांची माफी फिरवता येत नाही. स्लॅटन आता पुन्हा गजाआड जाणार नाही. पण परदेशात काम करणाऱ्या प्रत्येक सरकारी कंत्राटदाराला, खाते कुठलेही असो, अमेरिकी फौजदारी कायद्याखाली आणणारे विधेयक तिथल्या संसदेत अनेकदा मांडले गेले आणि दर वेळी रखडले. 20 जानेवारी 2021 रोजी अध्यक्ष झालेल्या बायडेन यांनी 2010 मध्ये बगदादमध्ये दिलेला शब्द पाळला होता. हे विधेयक मंजूर करून घेणे, आणि तोवर सशस्त्र रक्षकांचे एकही नवे कंत्राट न देणे, एवढे तरी अमेरिकेच्या अध्यक्षांनी केलेच पाहिजे.