तीनदा दिसलेला आकडा

रक्ताच्या रिपोर्टात 'इओसिनोफिल वाढलेत' असे आले की आम्हा डॉक्टरांच्या तोंडी दोनच शब्द येतात : जंत किंवा अ‍ॅलर्जी. बहुतेकदा ते खरेही ठरते, आणि तिथेच आम्ही गाफील राहतो.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारे एक निवृत्त मास्तर. अंगाला खाज, अधूनमधून बारीक ताप. दोन वर्षांत तीनदा रक्त तपासले. तिन्ही वेळा या पेशी जास्त. मी एकदा जंताचे औषध दिले, दोनदा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. चौथ्यांदा आले ते उजव्या बरगडीखाली जड वाटते म्हणून. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या. पित्ताचे खडे नाहीत, काविळीचे विषाणू नाहीत, दारूचा तर मास्तरांना वासही नको. तेव्हा बाईंनी पिशवीतून जुने रिपोर्ट काढून तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. म्हणाल्या, "डॉक्टर, हा आकडा दरवेळी वाढतोच आहे, नाही का?"

इओसिनोफिल ही पांढरी पेशी. पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली ती इओसिन या तांबड्या रंगाने रंगवून ओळखली. तिच्या पोटात जंतांना मारणारे विषारी दाणे असतात. शत्रू नसताना फौज वाढत गेली, तर ती घरच्यांनाच लुटू लागते. एक मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारण ५०० पर्यंत असाव्यात. त्या पुन्हा पुन्हा १,५०० च्या वर राहिल्या, अवयवांना इजा होऊ लागली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर 'हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम' या दुर्मिळ विकाराचा विचार करावा लागतो. त्यात यकृताला सूज येते, पित्तनलिका अरुंद होऊ शकतात, क्वचित यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत गुठळी होते. यकृत सोशिक, बराच काळ तक्रारच करत नाही.

रिपोर्टात टक्केवारी छापलेली असते, ती फसवते. एकूण पांढऱ्या पेशी ११,००० असतील, तर २० टक्के म्हणजे २,२००. हा हिशेब शाळकरी पोर करील. मी केला नव्हता.

मास्तरांच्या यकृताचा तुकडा तपासला, तर त्यात याच पेशी ठाण मांडून बसलेल्या. रक्तविकारतज्ज्ञांनी हृदयाचा एको केला. मातीतून कातडीवाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस हा जंत नाही ना, याचीही खात्री केली. तो आत दडलेला असताना स्टेरॉइड दिले, तर तो शरीरभर माजून जिवावर बेतू शकते. मग स्टेरॉइड सुरू झाले. आकडा उतरला, यकृत सावरले. काही रुग्णांत विशिष्ट जनुकदोष असतो. त्यांना इमॅटिनिबची गोळी लागू पडते, हे २००३ साली पुढे आले. २०२० साली अमेरिकेत मेपोलिझुमॅब या इंजेक्शनाला या विकारासाठी मान्यता मिळाली. औषधे आहेत. उशीर आमच्याकडून होतो.

म्हणून प्रत्येक वाढलेल्या आकड्याला घाबरू नका. पण लग्नाचे अल्बम जपता तसे जुने रिपोर्ट जपा. औषधानंतरही आकडा चढाच राहिला, तर स्वतःहून स्टेरॉइड न घेता डॉक्टरांना "का?" एवढेच विचारा. त्यांना राग आला तर येऊ द्या. त्या दिवशी बाईंचा मला आला होता. मग मी रिपोर्ट नीट पाहिले.