छतावरचे पाणी आणि ड्रोनची निवड

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की घराघरांतली पिंपे आणि कुंड्या तपासल्या जातात. छतांपर्यंत मात्र तपासणी क्वचितच पोहोचते. उल्हासनगरच्या कॅम्पांतील खेटून उभ्या इमारती, अंबरनाथचे पत्र्याचे गाळे, बदलापुरातील अर्धवट बांधकामे. इथे ताडपत्रीच्या खोळीत, जुन्या टायरात, झाकण नसलेल्या टाकीत पाणी साचते. एडिस इजिप्ती डासाला तेवढे पुरते. ही ठिकाणे वरून टिपण्यासाठी कॅमेरा असलेला ड्रोन चांगले साधन आहे. पण तो कोणता घ्यायचा?

पहिला प्रश्न सहसा मेगापिक्सेलचा विचारला जातो. त्याआधी सेन्सरचा आकार विचारावा. एक इंची सेन्सरचे क्षेत्रफळ छोट्या ड्रोनमधील १/२.३ इंची सेन्सरच्या सुमारे चौपट असते. ढगाळ हवेत, कमी उजेडात हा फरक थेट फोटोत उतरतो. असा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा १०० मीटर उंचीवरून साधारण पावणेतीन सेंटिमीटरचा तुकडा एका ठिपक्यात टिपतो. ५० मीटरवरून त्याच्या निम्मा. म्हणजे टायर ओळखता येईल, त्यातली अळी कधीच दिसणार नाही. फोटो संशय दाखवतो, निदान करत नाही. पत्र्याच्या शेडखालचे पाणी तर ड्रोनला दिसणारच नाही.

दुसरी बाब स्थिरतेची. कॅमेऱ्याला धक्के लागू न देणारा गिम्बल हवा आणि ठरलेल्या मार्गावरून पुन्हा उडण्याची सोय हवी. कारण अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. महिन्यातून एकदा काढलेला सुंदर फोटो त्यामुळे निरुपयोगी. त्याच छतांचे दर आठवड्याचे साधे फोटो कामाचे. बहुतेक लहान ड्रोन पावसात उडवण्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून उघडीप साधावी लागते.

तिसरी बाब कायद्याची. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो. त्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरील दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोन व्यावसायिक कामासाठी वापरल्यास ते लागते. हलका ड्रोन सोयीचा, पण वाऱ्यात लवकर डगमगतो. अंबरनाथमध्ये संरक्षण उत्पादनाचा कारखाना आहे. त्यामुळे उड्डाणापूर्वी डिजिटल स्कायचा नकाशा पाहणे आवश्यक. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि हिरव्या क्षेत्रातही मर्यादा ४०० फुटांची आहे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर, मोजके अपवाद सोडता, बंदी आहे. तेव्हा स्वस्तात मिळणारा परदेशी ड्रोन घेण्याआधी तो आला कसा, त्याची नोंदणी होईल का आणि सुटे भाग मिळतील का, हे विचारावे.

छतावर माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, झोपतात. रहिवाशांना आधी कळवणे आणि काम झाल्यावर फोटो पुसून टाकणे हा सार्वजनिक आरोग्याच्या शिस्तीचाच भाग आहे. लोकांचा विश्वास गेला तर आरोग्य कर्मचाऱ्याला दारही उघडले जाणार नाही.

शेवटी जिना चढून पाणी ओतून टाकणारा माणूस लागतोच. फोटो काढल्यापासून तो माणूस त्या छतावर पोहोचेपर्यंत किती दिवस जातात, यावर ड्रोनची खरी किंमत ठरते. आठवड्याहून जास्त जात असतील, तर महागडा कॅमेरा घेऊनही डासच पुढे राहतील.