बर्डीहून अफरवटकडे जाताना

दिवाळी आटोपली, की नागपूरच्या बर्डीवर काश्मीरच्या गप्पा सुरू होतात. व्हेरायटी चौकाच्या आसपासच्या गर्दीत लोकरी टोप्या, हातमोजे, जाड जॅकेटं टांगलेली दिसू लागतात आणि सहलींच्या फलकांवर गुलमर्गचे पांढरे उतार झळकतात. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांचे ऊन सोसलेल्या शहराला बर्फाची ओढ वाटणारच. प्रवासही आता सोपा झाला आहे. नागपूरहून कटऱ्यापर्यंत थेट रेल्वे होतीच. जून २०२५ मध्ये चिनाबवरचा पूल खुला झाला आणि कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत गाडी धावू लागली.

पूर्वी या सहलीत बर्फाचे गोळे आणि स्लेजगाडीची एक फेरी एवढ्यावर भागत असे. आता विशीतल्या मुलामुलींना स्की हवी, स्नोबोर्ड हवा, आणि मोबाईलवर पाहिलेला तो उंच, कोणाचाही माग नसलेला उतार हवा. ही इच्छा मोठी आहे, तिचे स्वागतच करायला हवे. प्रश्न वेगळाच आहे. विदर्भातून तिकडे जाणाऱ्या बहुतेकांना बर्फाबद्दल काहीच ठाऊक नसते आणि ते सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. बर्फावर उतरण्याआधी बर्फ शिकायला हवा, आणि ते शिकण्याची सोय महाराष्ट्राने आपल्या मुलांसाठी करायला हवी.

गुलमर्ग हे गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब स्थापन केला, तेव्हा लोक स्की खांद्यावर घेऊन चढत. गोंडोला या केबलगाडीचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडूरीपर्यंत आणि दुसरा २००५ मध्ये अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळपास ४,००० मीटरपर्यंत गेला, आणि सगळे चित्र बदलले. युरोप-अमेरिकेत एवढ्या उंचीवर नेणाऱ्या केबलगाड्या फारच थोड्या आहेत. वरच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर समोरच्या मुख्य उतारावर गस्त असते, दोऱ्या बांधलेल्या असतात. त्या दोऱ्यांपलीकडे डावी-उजवीकडे मैलोन् मैल मोकळा डोंगर आहे. तिथून देवदारांच्या रानातून थेट द्रंग, बाबारेशी किंवा तंगमर्गपर्यंत उतरता येते. जगभरातले कसलेले स्कीपटू गुलमर्गला येतात ते याच उतारांसाठी.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. तिथला माणूस तीन दिवसांच्या आत ४,००० मीटरवर पोहोचतो. श्वास जड होतो, डोके दुखते, भूक जाते. अशा अवस्थेत पायाला पहिल्यांदाच स्की बांधून, अर्ध्या तासाच्या शिकवणीवर दोरीपलीकडे पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. खालच्या सौम्य उतारावर भाड्याचे बूट घालून दोन-चारदा पडणे, हसणे, छायाचित्र काढणे यात काहीच गैर नाही. सुरुवात तशीच होते. पण त्या उतारापासून अफरवटपर्यंतचे अंतर गोंडोला काही मिनिटांत कापते आणि शिकणाऱ्याला त्यासाठी काही हिवाळे लागतात. हे बुकिंगच्या टेबलावर कोणी बोलत नाही.

मोठ्या डोंगरावरून स्कीने उतरणाऱ्यांचा इतिहास पाहिला, तर त्यात वेगापेक्षा वाट पाहणेच जास्त दिसते. जपानचे युइचिरो मिउरा १९७० मध्ये एव्हरेस्टच्या साउथ कोलखालच्या भिंतीवरून पाठीला पॅराशूट बांधून घसरले. स्लोव्हेनियाचे दावो कार्निचार यांनी ७ ऑक्टोबर २००० रोजी एव्हरेस्टच्या माथ्यापासून तळछावणीपर्यंत स्की न काढता उतरून दाखवले. पोलंडचा आंद्झेय बारगिएल २०१७ मध्ये के-२ वर गेला, परिस्थिती अनुकूल दिसली नाही म्हणून परतला आणि २०१८ च्या जुलैत पुन्हा जाऊन माथ्यापासून खाली स्कीने उतरणारा पहिला माणूस ठरला. फ्रान्सचा मार्को सिफ्रेदी २००१ मध्ये एव्हरेस्टवरून स्नोबोर्डने उतरला. पुढच्याच वर्षी तो अधिक अवघड वाटेने उतरायला गेला आणि परत आला नाही. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. या सगळ्यांत तरुणांनी खरोखर अभ्यासावी अशी गोष्ट बारगिएलची २०१७ ची माघार आहे. तिचा व्हिडिओ कोणी फिरवत नाही, हे दुर्दैव.

आपल्या हिमालयाशीही या खेळाचे जुने नाते आहे. उभ्या कड्यांवरून स्कीने उतरण्यासाठी ख्यात असलेले स्वित्झर्लंडचे सिल्व्हाँ सोदाँ १९८२ मध्ये काराकोरममधल्या ८,००० मीटरहून उंच हिडन पीकवरून उतरले. पुढे त्यांनीच काश्मीरमध्ये हेलिकॉप्टरने स्कीपटूंना डोंगरावर नेण्याचा व्यवसाय सुरू केला.

बर्फ वरून एकसंध दिसतो, आत मात्र तो थराथरांचा असतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला दुसरा, मधूनच उन्हाने कडक केलेला तिसरा. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडला आणि मग बरेच दिवस आकाश निरभ्र राहिले, तर जमिनीलगतच्या बर्फाचे सुटे, टोकदार स्फटिक होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नंतर दोन-तीन फूट जड बर्फ साचला, की साखरेच्या दाण्यांवर फरशी ठेवल्यासारखी अवस्था होते. एका माणसाच्या वजनाने खालचा थर मोडतो आणि वरची लादी भेगाळून अख्खीच्या अख्खी सुटते. असे स्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते, आणि स्की करायला सर्वांत मजा येते ती नेमकी याच उतारांवर. या खेळात हिमस्खलनाखाली सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेले असते. म्हणून डोंगर वाचता येणे हे वळण घेता येण्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे आहे.

२०२४ चा हिवाळा याचे ताजे उदाहरण. त्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडे होते, तपकिरी गवतावर उभ्या पर्यटकांची छायाचित्रे देशभर छापून आली. मग फेब्रुवारीत जोरात बर्फ पडला, सगळीकडे आनंद झाला, आणि २२ फेब्रुवारीला कोंगडूरीच्या बाजूच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. १९ जणांना वाचवण्यात आले, त्यात स्थानिक लोकांचा मोठा हात होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तर गुलमर्गच्याच खिलनमर्गला लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान प्रशिक्षण घेत असताना गाडले गेले. ज्यांचे कामच बर्फात राहण्याचे, त्यांच्यावर ही वेळ येते, तर नवख्याने काय समजायचे?

विदर्भाला हिमस्खलन हा शब्द खेळातून कळलेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये गुरेझच्या हिमस्खलनात अकोला जिल्ह्याने आपले जवान गमावले. त्या घरांना बर्फ म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बाकीच्यांनी मात्र ते समजून घ्यायला हवे.

बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर तो जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती एक-तृतीयांशापर्यंत घसरते. इतक्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही. वाचवायचे असते ते शेजारच्यांनी. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा-घेणारा बीकन, पाठीवर बर्फात खुपसून शोधायची घडीची लांब काठी आणि फावडे, ही तीन साधने हवीत. आणि ती वापरण्याचा सराव हवा, कारण घाबरलेल्या हातांना बीकनची दिशा कळत नाही. गटातल्या एकाकडेच साधने असतील आणि नेमका तोच गाडला गेला, तर बाकीचे नुसते बघत राहतात.

हे सगळे शिकवणाऱ्या संस्था आपल्याच देशात आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, तिचे स्कीचे वर्ग सोलंग खोऱ्यात भरतात. औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालतात. सरकारी संस्था असल्याने शुल्क सामान्य घराला झेपेल असे असते. त्या दिवसांत पडायचे कसे आणि थांबायचे कसे इथपासून सुरुवात होते, मग वळणे, मग उताराचा अंदाज. पहिला वर्ग पूर्ण केलेला मुलगा मोठ्या डोंगरावर जायला तयार होत नाही, पण आपण अजून तयार नाही हे त्याला कळलेले असते. याच ज्ञानाने जीव वाचतात.

विदर्भात बर्फ कुठे, मग हा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांनी कर्नाटकातल्या कोडगूकडे पाहावे. कॉफीच्या मळ्यांच्या त्या जिल्ह्यातली भवानी थेक्कडा नंजुंडा एनसीसीतून गिर्यारोहणाकडे आणि तिथून स्कीकडे वळली. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत गुलमर्गला तिने नॉर्डिक स्कीमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली आणि २०२५ मध्ये चिलीतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राचे खेळाडूही या हिवाळी स्पर्धांत पदके आणतात, पण ती मुख्यतः आइस स्केटिंगमधली, कारण आपल्या शहरांत चाकांच्या स्केटिंगचे ट्रॅक आणि प्रशिक्षक आहेत. जिथे सोय झाली तिथे मुले पुढे गेली, एवढा साधा हिशेब आहे.

आणि कोडगूपर्यंत तरी कशाला जायचे? मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. मनीषा धुर्वे, कवीदास काटमोडे, उमाकांत मडावी, परमेश आळे आणि विकास सोयाम ही त्यांची नावे. ज्या जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे भट्टी, तिथली ही मुले जगातल्या सर्वांत उंच बर्फावर उभी राहिली, कारण आदिवासी विकास विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने त्यांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण दिले, दार्जिलिंगला नेले, लडाखला नेले. नागपूर विभागाला हे करता येते, हे सिद्ध झालेले आहे. स्कीसाठी तेवढा खर्चही येणार नाही. दरवर्षी विदर्भातल्या काही एनसीसी छात्रांना आणि आश्रमशाळांतल्या काही विद्यार्थ्यांना स्कीच्या प्राथमिक वर्गाला पाठवले, त्यातल्या चांगल्यांना पुढच्या वर्षी प्रगत वर्गाला, तर पाच वर्षांत प्रशिक्षित तरुणांची एक फळी तयार होईल. तीच पुढे इथल्या सहलींसोबत जाणारी, लोकांना बर्फाविषयी मराठीत सांगणारी माणसे होतील.

सहल विकणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, सुरक्षा साधने यांच्या अटी त्यात आहेत आणि ते पाऊल योग्यच होते. त्याचा भर राज्यातल्या गडकिल्ल्यांवर, डोंगरदऱ्यांत, पाण्यात आणि हवेत चालणाऱ्या उपक्रमांवर आहे. पण महाराष्ट्रात पैसे घेऊन हिमालयात साहस विकले जाते, तेव्हा ग्राहक इथलाच असतो. स्की किंवा स्नोबोर्डचा समावेश असलेली कोणतीही सहल विकताना शिकवणारा कोण, त्याची पात्रता काय, नवख्यांना किती उंचीपर्यंत नेणार आणि विमा या खेळाला लागू आहे का, हे मराठीत लेखी देणे पर्यटन संचालनालयाने बंधनकारक करावे. सर्वसाधारण प्रवास विम्यातून अशी साहसे बहुधा वगळलेली असतात, हे तर बहुतेकांना अपघातानंतरच कळते.

गुलमर्गच्या स्थानिकांचा विचारही यात हवा. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्की साहित्याचे दुकान, आणि तो चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. त्याच्यासारख्या घरांतले अनेक तरुण आज प्रशिक्षक आहेत, वाटाडे आहेत, आणि अपघात झाला की पहिले धावतात तेच. त्यांच्या शब्दाला पर्यटकाने मान दिला पाहिजे. ‘आज वर नको’ असे वाटाड्या म्हणाला आणि पाहुण्याने ‘आम्ही इतक्या लांबून आलो, पैसे भरलेत’ असा हट्ट धरला, तर त्या हट्टाची किंमत वाटाड्याच्या घरालाही मोजावी लागू शकते.

हवामानही आता भरवशाचे राहिलेले नाही. २०२५ ची गुलमर्गची खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. औलीच्या स्पर्धांवरही अशीच वेळ आलेली आहे. उशिरा आणि एकदम पडणारा बर्फ म्हणजे कमकुवत पायावर जड थर, आणि हे वारंवार घडू लागले तर जुन्या अनुभवावर विसंबून चालणार नाही.

तेव्हा या हिवाळ्यात बर्डीवर गुलमर्ग, सोलंग किंवा औलीची सहल ठरवायला जाल, तर दराच्या आधी प्रशिक्षकाची चौकशी करा. स्कीचे वेड लागलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर चार दिवसांच्या पॅकेजऐवजी दोन आठवड्यांच्या वर्गाला पाठवा. गोंडोलाच्या वरच्या स्थानकावर गेलात, तर डोळे भरून पाहा, पण शिकलेले नसाल तर दोरीच्या अलीकडेच थांबा आणि त्याच गोंडोलाने खाली या.