आईचा मिक्सर आणि इथली वीज



नव्याने आलेल्या एका जोडप्याने विचारलं, "भारतातून मिक्सर आणावा का?" माझा अनुभव सांगते.

न्यू जर्सीला निघाले तेव्हा आईने ७५० वॅटचा मिक्सर साड्यांत गुंडाळून बॅगेत कोंबला. मिक्सर २३० व्होल्टचा, इथली वीज १२०. नुसती पिन बदलून लावला तर बिचारा कण्हत फिरला, खोबरं जागचं हललं नाही. मग प्रवासाला नेतात तो हलका, स्वस्त कन्व्हर्टर आणला. तो हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी, मोटरसाठी नव्हे, हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कोण वाचतंय! दोन मिनिटांत जळका वास, आणि मिक्सर कायमचा गप्प. आईला मात्र फोनवर वर्षभर "छान चालतोय गं!"

आणायचाच असेल तर सोबत खरा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या. ७५० वॅटच्या मिक्सरला निदान १५०० वॅटचा, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. पण तो धोंड्यासारखा जड, अर्धा ओटा अडवतो. त्यापेक्षा इथल्या इंडियन स्टोअरमध्ये ११० व्होल्टचा आपल्या पद्धतीचा मिक्सर मिळतो, तो घ्या. महाग पडतो, पडू दे. अमेरिकन ब्लेंडर स्मूदीला उत्तम, पण पाणी ओतल्याशिवाय वाटत नाही; लसणीची कोरडी चटणी त्यात विसराच.

आई इथे आली तेव्हा पहिल्याच सकाळी म्हणाली, "हा कुठला? माझा कुठाय?" खरं सांगावं लागलं. "अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना," म्हणाली, "वर्षभर चटणी कशात वाटलीस?"