उधारीच्या मालाला लागलेली आग

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की आमच्या कापड बाजाराचं घड्याळच बदलतं. दुपारी पेंगणारे दुकानदार तरावीहची नमाज आटोपली की सरसावून बसतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत कुर्ते, ओढण्या, पोरींचे शरारे यांचे ढीग उपसत राहतात. गर्दीत नऊवारीतल्या मावश्याही असतात. ईदच्या बाजारात कापड स्वस्त मिळतं, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे. मीही दरवर्षी इथंच घेते. पण गेली काही वर्षं हे ढीग पाहिले की मला ढाक्याचा बंगबाजार आठवतो.

४ एप्रिल २०२३. तिथला बारावा रोजा. सहरी आणि फजरची नमाज उरकून लोक जरा आडवे झाले असतील, तेवढ्यात सकाळी सहाच्या सुमारास या बाजाराला आग लागली. लाकूड आणि पत्र्याची दाटीवाटीची दुकानं, आत ईदसाठी ठासून भरलेले तयार कपडे. अग्निशमन दलाचं मुख्यालय अगदी शेजारी, तरीही हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला पाणी घेऊन यावं लागलं. आग आटोक्यात यायला सहा तासांहून अधिक वेळ गेला. महापालिकेच्या चौकशी समितीनं नुकसान झालेल्या व्यापाऱ्यांचा आकडा ३,८४५ सांगितला.

कापडाचा धंदा घरात पाहिलेल्या माणसाला यातलं खरं दुखणं लगेच कळतं. ईदचा माल रोखीनं कोणी भरत नाही. रमजानच्या आधीच ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलायचा आणि ईद झाली की फेडायचा, अशी ही रीत. म्हणजे बाराव्या रोज्याला जे जळतं, त्यातलं बरंचसं दुकानदाराचं नसतंच. माल राख होतो, वहीतला आकडा मात्र शाबूत राहतो.

पुढच्या काही दिवसांत ढाक्यात जे घडलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या हिजडा समाजानं वीस लाख टका जमवून व्यापाऱ्यांना दिले. ज्यांची कमाईच दुकानादुकानांत हात पसरून होते, त्यांनी दुकानदारांसमोर पैसे ठेवले! विद्यानंद फाउंडेशननं अर्धवट जळालेले कपडे विकत घेतले. आणि १२ एप्रिलला, म्हणजे आठच दिवसांत, राखेच्या जागेवर वाळू-विटा पसरून व्यापाऱ्यांनी लाकडी चौक्या मांडल्या आणि भर उन्हात छत्र्या धरून विक्री सुरू केली. गिऱ्हाईक कमी होतं, उन्हानं जीव नकोसा होत होता. तरी ते बसले, कारण ईद थांबणार नव्हती.

आपल्याकडे पुण्याच्या फॅशन स्ट्रीटला एवढीही सवड मिळाली नाही. २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातली ती शेकडो चिमुकली दुकानं जळाली आणि ५ एप्रिलपासून करोनाच्या निर्बंधांत राज्यातली अत्यावश्यक नसलेली दुकानं बंद झाली. मग रमजान सुरू झाला. चौकी मांडायची जिद्द असती तरी मांडायची कुठं?

माझ्या अब्बांचं छोटं कापड दुकान होतं. मी दहावीत असताना आमच्या गल्लीतली सात दुकानं एका रात्रीत गेली, त्यात तेही होतं. दुसऱ्या दिवसापासून घरी इफ्तारचे डबे येऊ लागले. इतके, की फळं वाटून टाकावी लागली. एका रात्री मोहल्ल्यातले दोघे बुजुर्ग जकातीचं पाकीट घेऊन आले. अब्बांनी हात लावला नाही. ते गेल्यावर अम्मीला म्हणाले, "परसालपर्यंत मीच देत होतो." त्यांना उभं केलं ते पेठेतल्या ठोक व्यापारी शेठनी. ते म्हणाले, "भाई, आधी नवा माल उचला. जुन्याचा हिशेब दिवाळीला बघू." आणि दिवाळीपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. शेजारच्या फरसाणवाल्यांनी आपला ओटा मोकळा करून दिला. त्या ईदला अब्बांचं दुकान शेव-चिवड्याच्या वासात चाललं. गिऱ्हाइकं हसायची, पण घ्यायची.

अब्बांची भीड मला समजते, पटत मात्र नाही. जकात कोणाला द्यावी याचे आठ हक्कदार कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत आणि त्यांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. त्याला वेगळी जागा दिली आहे, भिकाऱ्यांच्या रांगेत उभं केलेलं नाही. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्या, असं सूरह बकरा सांगते. माझ्या त्या पेठेतल्या शेठनी ती कधी वाचली असेल असं वाटत नाही.

म्हणून आपल्या मदतीच्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे. दुकान जळालेल्या माणसाला आपण शिधा देतो, फोटो काढतो आणि कापड घ्यायला दुसरीकडे जातो. त्याला हवा असतो माल, मुदत आणि गिऱ्हाईक. बिनव्याजी कर्ज, ज्याला आम्ही कर्ज-ए-हसना म्हणतो, ते पाच जणांनी मिळून दिलं तरी एक दुकान उघडतं. आणि त्या दिवसांत त्याच्याशी घासाघीस करू नये, एवढं तर आपल्याला जमेल?

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण या पानावर नाही बोलायची तर कुठं? मदतीची यादी करताना आपण नावं बघतो. मशिदीची यादी वेगळी, मंडळाची वेगळी. जकात मुसलमानांनाच द्यावी असं बहुतेक उलेमा मानतात, ते मला माहीत आहे. पण सदक्याला तसं बंधन नाही, कर्ज-ए-हसनालाही नाही. आग एका टोकाला लागते आणि नाव न विचारता दुसऱ्या टोकाला जाते. मग गल्लीची यादी एकच का नको?

बंगबाजार १९९५ मध्येही जळाला होता. २०१९ मध्ये अग्निशमन दलानं तो धोकादायक ठरवून तसा फलकही लावला होता. काहीच झालं नाही. दुरुस्तीच्या नावाखाली आपल्याला उठवतील, ही छोट्या दुकानदाराची भीती सगळीकडे सारखीच असते आणि ती खोटीही नसते. म्हणून हे विचारायचं काम सरकारी नोटिशीवर न सोडता आपण गिऱ्हाइकांनी करावं असं मला वाटतं.

परवा रात्री मी केलं. खरेदी करता करता आमच्या गल्लीतली एकतीस दुकानं पाहिली. आग विझवण्याचं नळकांडं दोन ठिकाणी दिसलं, त्यातल्या एकाची मुदत संपलेली. एका बोर्डाला चार-चार पिना, वर हॅलोजन, खाली नायलॉनच्या ओढण्या. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं घेते त्यांना दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, मान हलवली आणि माझ्या पिशवीत एक रुमाल जास्तीचा टाकत म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. ईद होऊ द्या, मग बघू."