जरा जास्तच

‘खूप’ या शब्दाने मराठीत उच्छाद मांडलाय. खूप सुंदर, खूप वाईट, खूप उशीर, खूप राग, आणि वर हिंदीतल्या ‘बहुत सारा’वरून उचललेलं ‘खूप सारं प्रेम’. स्वतःचे शेवटचे दहा मेसेज उघडून बघा.

हे शुद्धीवाल्यांचं रडगाणं नाही. खूप मुळात फारसी ‘खूब’, तिथे त्याचा अर्थ ‘चांगलं’. मी ज्याची बाजू घेणार आहे तो ‘जास्त’सुद्धा अरबी-फारसीतूनच आलाय. ‘लय भारी’ला, ‘जाम’ला माझी काडीची हरकत नाही. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी लोकांच्या बोलीत ‘तमाम’ म्हणजे ‘अतिशय’, आपल्याकडे ‘तमाम’ म्हणजे सगळे. शब्द असे फिरतात, अर्थ बदलतात. त्याने बिघडत नाही.

बिघडतं ते दोन अर्थ एकाच शब्दात कोंबल्यावर. एखादी गोष्ट मोठी असणं वेगळं आणि प्रमाणाबाहेर असणं वेगळं. स्पॅनिशमध्ये यासाठी दोन शब्द आहेत. ‘मुय तार्दे’ म्हणजे बराच उशीर, ‘देमासियादो तार्दे’ म्हणजे इतका उशीर की आता येऊन उपयोग नाही. मराठी काही कमी नव्हती. जास्त आहे, अति आहे, फारच आहे. ‘फार’ला नुसता ‘च’ लावला की कौतुकाची तक्रार होते. आणि ‘जरा जास्तच’! थोडं आणि जास्त एकाच श्वासात, सौम्यपणे काढलेला चिमटा. ‘खूप’ला ही कला येत नाही.

‘खूप’ला मर्यादा लागत नाही. ‘जास्त’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कशापेक्षा? बदलापूर लोकलचा बाक घ्या. तो तिघांचा. त्यावर कडेला अर्धं बूड टेकून बसणारा चौथा, म्हणजे आपली ‘चौथी सीट’. ‘गर्दी खूप आहे’ हे हवामानासारखं वाक्य आहे, ऐकणारा मान डोलावतो आणि खिडकीबाहेर बघतो. ‘या डब्यात माणसं जास्त आहेत’ म्हटलं की डबा किती जणांचा, गाड्या किती, हे बोलावं लागतं. वर्षानुवर्षं आपण पहिलंच वाक्य बोलतोय.

पावसाचंही तेच. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, आत हजाराहून जास्त प्रवासी. त्यावर सगळ्यांकडे एकच वाक्य होतं: पाऊस खूप झाला. झालाच. पण पाणी जास्त झालं म्हणा की विचारावं लागतं, कशापेक्षा? उल्हास नदीच्या पात्रापेक्षा? मग पात्रात, काठावर काय काय उभं राहिलं ते मोजावं लागेल. ‘खूप’ने सगळा दोष ढगावर जातो.

सरकारला हा फरक नीट कळतो. महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि पिकाच्या भरपाईचं गणित त्या आकड्यावर चालतं. हवामान खात्याचा सगळ्यात वरचा वर्ग मात्र २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटरही अतिवृष्टीच. आकडे खात्यागणिक वेगळे असतील, त्यावर भांडता येतं. तलाठ्यापुढे ‘खूप पाऊस झाला हो’ म्हणणाऱ्याला भांडताही येत नाही.

कुणी म्हणेल, संदर्भावरून कळतं की. मित्रांत कळतं. उल्हासनगरच्या कापडबाजारात कळत नाही. ‘खूप महाग आहे’ म्हणा, दुकानदार खुशीत सांगेल, साहेब, माल पण तसाच आहे. ‘जास्त लावलेत’ म्हणा, त्याला हिशेब द्यावा लागतो.

आणि अंबरनाथला रात्री साडेअकराला खिडकीखाली डीजे सुरू असेल, तर फोनवर ‘आवाज खूप आहे’ अजिबात म्हणू नका. निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आवाज त्याहून जास्त आहे, असं म्हणा. खूप आवाज तर मंडळाला हवाच असतो, पैसे त्याचेच मोजलेत.