आधी उशा मोजा

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही आळीत विचारा, सत्तरी ओलांडलेल्या आजीला धाप का लागते? उत्तर ठरलेलं: ‘वय झालं.’ पाय सुजले तर ‘वात’, रात्री उठून बसली तर ‘गॅस’.

हे म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हातारपणी चाल मंदावते. पायांची सूज मूत्रपिंडाच्या विकाराने, रक्तदाबाच्या एखाद्या गोळीनेही येते. पण नुसत्या वयाने आडवं पडल्यावर गुदमरत नाही. एका उशीवर झोपणारी आजी तीन उशा मागू लागली, मध्यरात्री धापा टाकत खिडकीशी जाऊन बसली, तीन दिवसांत तिचं वजन दोन किलोंनी वाढलं, तर हृदयाचा पंप कमी पडून फुप्फुसांत आणि पायांत पाणी साचतंय, असा संशय घ्यायलाच हवा. ईसीजी, रक्तातली बीएनपी तपासणी आणि इको यांतून त्याचा निकाल लागतो.

‘लागला निकाल, तरी या वयात काय करणार?’ या प्रश्नाचं उत्तर याच रायगड जिल्ह्यात सापडतं. महाडच्या परिसरात लाल विंचू चावून माणसं दगावत, तेव्हा लोक नशिबाला बोल लावत. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी मात्र रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं: विषामुळे हृदय थकत होतं, फुप्फुसांत पाणी भरत होतं. त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन वापरली आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं. आजीचा आजार निराळा, औषधंही निराळी. पण नशीब म्हणून सोडून दिलं असतं तर तिथेही काही हाती लागलं नसतं.

आजीसाठीही उपाय आहेत. लघवी वाढवणारी गोळी साचलेलं पाणी उतरवते. पंपच दुबळा असेल तर बीटा ब्लॉकर, एआरएनआय किंवा एसीई इनहिबिटर, स्पायरोनोलॅक्टोन आणि मुळात मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-2 गटातली गोळी आयुष्य वाढवतात. वृद्धांना ती थोड्या मात्रेने सुरू करून रक्तदाब, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहत वाढवायची असतात. सूज उतरली म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणं म्हणजे दुखणं परत बोलावणं.

घरचं कामही थोडं नाही. खारवलेली मासळी, लोणचं, पापड यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही तेच करतात. रोज सकाळी लघवीनंतर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि यापुढे ‘वय झालं’ म्हणण्याआधी आजीच्या उशा मोजा.